युगोस्लाव पदक उलटं करून वाचताना

युगोस्लाव पदकांचा मिश्र डबा समोर आला की तो रंगावरून किंवा आकारावरून लावायचा नाही. सगळे नग मऊ कापडावर पालथे ठेवायचे. पुढच्या बाजूला लाल मीन्याचा तारा, सोनेरी किरण, मशाली, पानांचा हार हे बहुतेकांवर थोड्याफार फरकाने असतंच, आणि नकला करणारेही सगळी मेहनत तिथेच ओततात. पाठीवर मात्र अनुक्रमांक, टाकसाळीची खूण, छातीला अडकवायची सोय आणि जोडकामाचा दर्जा असे चार साक्षीदार एकत्र भेटतात. माझ्या मते युगोस्लाव पदकाची निम्मी ओळख पाठीवर होते आणि उरलेली निम्मी त्याच्या कागदांत. पुढची बाजू शेवटी बघितली तरी चालते.

पहिला प्रश्न, कुठलं युगोस्लाव्हिया? १९१८ साली सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांचं राज्य उभं राहिलं, १९२९ साली त्याचं नाव युगोस्लाव्हिया झालं आणि १९४१ साली अक्ष राष्ट्रांच्या आक्रमणात ते कोसळलं. टिटोंचं समाजवादी युगोस्लाव्हिया हे त्यानंतरचं, अगदी निराळं राज्य. विक्रेते दोन्ही एकाच नावाखाली मांडतात. मुकुट किंवा दोन डोक्यांचा गरुड दिसला की नग राजेशाहीच्या ढिगात टाकायचा. तिथे काराजोर्जेचा तारा (१९०४), पांढरा गरुड आणि संत सावा (दोन्ही १८८३) हे मूळचे सर्बियाचे किताब, जे नव्या राज्यात तसेच चालू राहिले. युगोस्लाव मुकुटाचा किताब मात्र १९३० चा, म्हणजे खास युगोस्लावच. त्यामुळे संत सावाचा एखादा नग सर्बियाचा की युगोस्लाव्हियाचा, हे नुसत्या नावावरून सांगता येत नाही. बनावटीवरून आणि कागदावरच्या तारखेवरूनच सांगावं लागतं. या काळातलं बरंच उत्तम काम परदेशी कारखान्यांतलं आहे, पॅरिसचं आर्त्युस बेर्त्रां किंवा स्वित्झर्लंडच्या ल लोक्लचं युगनॅं. देशातल्या देशात वाराझ्दिनच्या सोर्लिनी कारखान्याची खूणही भेटते.

राजेशाहीच्या ढिगात सर्वात जास्त भेटतं ते ‘अल्बानियन स्मृतिपदक’. १९१५ च्या हिवाळ्यात सर्बियन सैन्य अल्बानियाचे डोंगर तुडवत माघारी गेलं, त्यातून वाचलेल्यांसाठी १९२० साली ते काढलं. दोन डोक्यांच्या गरुडावर पुढे राजा झालेल्या अलेक्झांडरचा चेहरा, हिरवी फीत, तिच्यावर काळ्या रेघा. याची फीत नव्याने विणून विकली जाते, म्हणून फितीवर भरवसा ठेवू नये.

याच डब्यात हमखास घुसलेली तिसरी जात म्हणजे १९४१ ते १९४५ या काळात अक्ष राष्ट्रांच्या छत्राखाली चाललेल्या क्रोएशियन राज्याची पदकं. ती युगोस्लाव नव्हेत; उलट ज्या राज्याशी पार्टिझान, म्हणजे टिटोंचे गनिमी योद्धे, लढले त्याची आहेत. ती वेगळ्या डब्यात, वेगळ्या नोंदीत ठेवावीत. इथे धातू ओळखण्याइतकंच महत्त्व वस्तू कोणत्या बाजूची आहे हे नीट लिहिण्याला आहे. ज्यांच्या घरची माणसं त्या युद्धात गेली त्यांच्या दृष्टीने तर तेच महत्त्वाचं.

आता मुख्य ढीग. समाजवादी युगोस्लाव्हियाच्या लष्करी सन्मानांची सुरुवात १५ ऑगस्ट १९४३ च्या हुकुमाने झाली. युद्ध चालू होतं, देशाचा मोठा भाग शत्रूच्या ताब्यात होता आणि पार्टिझानांच्या सर्वोच्च मुख्यालयाने किताब जाहीर केले: लोकवीर, पार्टिझान तारा, लोकमुक्ती, बंधुता आणि एकता, शौर्य. त्यांची संकल्पचित्रं शिल्पकार आंतुन आउगुस्तिंचिच आणि चित्रकार जोर्जे आंद्रेयेविच-कुन यांची. ‘लोकवीर’ ही पदवी त्याआधीच, १९४२ साली, पेतार लेकोविचला मिळाली होती. धातूचा तारा नंतर आला. हा क्रम ध्यानात असला की ‘१९४२ साली रणभूमीवर दिलेला मूळ तारा’ असं कोणी विकायला आणलं तर पुढचं बोलायची गरज उरत नाही.

रणांगणात टाकसाळ नव्हती. पहिली मोठी खेप मॉस्कोच्या टाकसाळीत घडली. म्हणूनच आरंभीच्या नगांची पाठ सोव्हिएत पदकांसारखी दिसते: मध्यभागी जाड स्क्रू, त्यावर गोल चकतीचा नट, सिरिलिक अक्षरांत ‘मोनेत्नी द्वोर’ म्हणजे टाकसाळ अशी खूण आणि कोरलेला अनुक्रमांक. पुढे काम देशातच सुरू झालं. झाग्रेबच्या नगांवर ‘इकोम झाग्रेब’ ही खूण येते. हा कारखाना युद्धाआधीच्या ग्रिसबाख आणि क्नाउस या पेढीच्या राष्ट्रीयीकरणातून उभा राहिला. बेलग्रेडच्या नोटा-नाणी छापणाऱ्या संस्थेची खूण सिरिलिकमध्ये ‘झिन’ अशी आहे. तिचं पहिलं अक्षर आपल्या ३ सारखं दिसतं, त्यामुळे नवखा माणूस तिला अनुक्रमांकाचा तुकडा समजतो.

मॉस्को, झाग्रेब, बेलग्रेड हा क्रम बहुतेक किताबांत कालक्रमही सांगतो. त्याच किताबाचा मॉस्कोचा नग आणि बेलग्रेडचा नग यांच्या किमतीत मोठं अंतर असतं, आणि फसवणूक नेमकी याच अंतरात घडते. बेलग्रेडच्या नगाची पिन तोडून तिथे स्क्रू बसवायचा, खूण घासून टाकायची, नवा क्रमांक कोरायचा आणि नग ‘मॉस्कोचा’ म्हणून विकायचा. हे पकडायला दहापट भिंग आणि तिरका उजेड पुरतो. स्क्रूच्या बुंध्याभोवती सोल्डरचा उंचवटा, उष्णतेचा निळसर-तपकिरी डाग, किंवा पिनच्या जुन्या बुडख्याचे दोन घासलेले ठिपके दिसले तर नगावर काम झालं आहे. पाठीचा पोत सगळीकडे सारखा असायला हवा. एकाच पट्ट्यात पॉलिश कागदाच्या समांतर रेघा दिसल्या तर तिथे काहीतरी पुसलेलं असतं.

अनुक्रमांक वाचायची रीत सावकाशीची. हाताने कोरलेल्या आकड्यात छिन्नी धातू बाजूला ढकलते, म्हणून खाचेच्या काठावर बारीक उंचवटा राहतो आणि खाचेची खोली वळणावर बदलते. लेझरने कोरलेल्या खाचेचा तळ एकसारखा खरखरीत, बहुधा काळपट असतो. त्यानंतर खाचेत मळ बघायचा. जुन्या खाचेत मळ आणि जीर्ण मुलामा एकमेकांत मुरलेले असतात. चकचकीत खाचेत काळी शाई भरलेली असेल तर ती कापसाला लागते. आजूबाजूचा मुलामा झिजलेला आणि आकड्यांच्या खाचांत मात्र ताजं सोनं, अशी जोडी दिसली तर नगाला नंतर पुन्हा मुलामा दिला आहे.

मीन्याची परीक्षा वेगळी. खरा मीना म्हणजे भट्टीत वितळवलेली काच. त्याच्यावर नखाने काही होत नाही, तुटला तर शंखासारख्या कडा सोडतो, आणि पारदर्शक लाल मीन्याखाली ठप्प्याची नक्षी स्पष्ट दिसते. नकलांत रंगीत राळ भरतात. ती भिंगाखाली किंचित फुगीर, कडेला ओघळलेली आणि आत हवेचे गोल बुडबुडे धरलेली असते. शंका उरलीच तर कापसाच्या बोळ्यावर थेंबभर ॲसिटोन घेऊन एखाद्या आडोशाच्या जागी टेकवावा: नेलपॉलिश आणि काही राळा मऊ पडतात, काच तशीच राहते. हे फक्त धातूवर करावं. फीत, पुस्तिका, डबी यांच्या आसपासही ॲसिटोनची बाटली उघडू नये. दुरुस्ती केलेला मीना म्हणजे नकली नग नव्हे. ताऱ्याचं एखादं टोक राळेने भरलेलं असेल तर नोंदीत तसं लिहायचं आणि किंमत त्यानुसार धरायची.

छाप की ओतीव, हे कडा सांगतात. ठप्प्याखाली दाबलेल्या पदकाच्या रेषा तीक्ष्ण आणि सपाट भाग गुळगुळीत असतात. खऱ्या नगाचा साचा घेऊन ओतलेल्या नकलेत अक्षरांचे कोपरे गोल होतात, सपाट भागावर बारीक छिद्रं पडतात, बाजूला साच्याची शिवण किंवा ती घासल्याच्या खुणा राहतात. धातू थिजताना आकुंचन पावतो, म्हणून अशी नक्कल मूळ नगापेक्षा थोडी लहान भरते. व्हर्नियरने व्यास मोजावा आणि वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर करावं. मात्र तुलना त्याच कारखान्याच्या, त्याच अडकवणीच्या नगाशीच. स्क्रूचा नग आणि पिनचा नग यांचं वजन जुळत नाही म्हणून एकाला खोटं ठरवणं चूक आहे. नट वेगळा काढून तोलावा, कारण नट सर्वात जास्त हरवतात आणि बदलले जातात.

कागद हातात आला की काळ ठरवणं बरंच सोपं जातं. १९४५ च्या अखेरीपासून १९६३ पर्यंत देशाचं नाव ‘फेडरल लोक प्रजासत्ताक’ होतं, लॅटिनमध्ये आद्याक्षरं एफ-एन-आर-जे. एप्रिल १९६३ नंतर ‘समाजवादी संघीय प्रजासत्ताक’, म्हणजे एस-एफ-आर-जे. सिरिलिक वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात: ‘न’चं अक्षर रोमन एचसारखं आणि ‘र’चं रोमन पीसारखं दिसतं. लष्कराचं संक्षिप्त नाव ‘जे-एच-ए’ असं वाचून शोधत बसलं तर हाती काही लागत नाही. ते ‘जे-एन-ए’, युगोस्लाव लोकसेना. हे नावही १९५१ च्या अखेरीस आलं. मार्च १९४५ पासून तोवर ती नुसती ‘युगोस्लाव सेना’ होती. १९४७ च्या म्हणून दाखवलेल्या कागदावर ‘लोकसेना’ छापलं असेल तर काहीतरी जुळत नाही.

राजमुद्रेतल्या मशाली मोजणं ही आणखी एक झटपट कसोटी. १९६३ पूर्वी पाच, नंतर सहा. मशालींखालच्या पट्टीवरची २९.११.१९४३ ही तारीख (अकरावा महिना रोमन आकड्यात) यायत्से गावी भरलेल्या पार्टिझानांच्या मुक्तिपरिषदेच्या दुसऱ्या अधिवेशनाची आहे. ती मुद्रेचाच भाग असल्यामुळे १९८० च्या कागदावरही छापलेली असते. ‘१९४३ चं पदक’ म्हणून खपवल्या जाणाऱ्या कितीतरी वस्तूंचा सगळा आधार एवढाच असतो.

१९६१ च्या सन्मान कायद्याने श्रेण्यांची नावं बदलली. आधी पार्टिझान तारा पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या श्रेणीचा असे; नंतर तो सोनेरी हाराचा, रुपेरी हाराचा आणि रायफलींचा झाला. लोकसेवेच्या किताबाचंही तसंच: सोनेरी तारा, रुपेरी किरण, रुपेरी तारा. त्यामुळे प्रमाणपत्रावर ‘दुसरी श्रेणी’ असेल तर ते कायद्याआधीचं, ‘रुपेरी हारासह’ असेल तर नंतरचं, असा अंदाज तारीख पुसट झालेली असली तरी बांधता येतो. प्रमाणपत्रावर ज्या हुकुमाने सन्मान दिला त्याचा क्रमांक आणि तारीख असते. तिथल्या भाषेत हुकमाला ‘उकाझ’ म्हणतात, आणि असे उकाझ देशाच्या राजपत्रात छापले जात. नाव, हुकमाची तारीख आणि राजपत्र या तिघांची सांगड लागली की त्या पदकाला माणूस मिळतो. या छंदातलं खरं काम हेच आहे असं मला वाटतं.

ही सांगड सर्वात नेमकी लागते ती ‘पार्टिझान स्मृतिचिन्ह १९४१’ या सन्मानात. १९४१ सालीच लढ्यात उतरलेल्या आणि पुढेही टिकून राहिलेल्यांसाठी तो १९४४ साली काढला. धारकांची संख्या सत्तावीस हजारांच्या वर. समाजात त्याला फार मान होता. चिन्हाच्या पाठीवर क्रमांक असतो आणि धारकाच्या पुस्तिकेतही. दोन्ही जुळले तर संच पूर्ण. पुस्तिकेवर फोटो असेल तर शिक्का फोटोवर आणि कागदावर सलग उमटलेला हवा; फोटोच्या कडेला वर्तुळ तुटत असेल तर फोटो नंतर चिकटवला आहे. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली १९४० च्या दशकातला कागद मंद पिवळसर दिसतो. झगझगीत निळा उजळला तर त्यात नंतरच्या काळातले शुभ्रकारक आहेत. फितीचा धागाही असाच तपासता येतो, पण फीत बदलली म्हणजे पदक खोटं असं नाही. झिजलेल्या फिती धारक स्वतःच बदलून घेत.

‘लोकवीर’ ताऱ्याबद्दल एवढंच सांगतो: सगळे मिळून सुमारे तेराशे जणांना तो मिळाला, आणि बाजारात नकला उदंड. कागद, कुटुंबाकडून आलेला माग आणि तज्ज्ञाची प्रत्यक्ष तपासणी हे तिन्ही नसतील तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

नवशिक्याने सुरुवात करायची ती लोकसेनेच्या वर्धापन पदकांपासून. डिसेंबर १९४१ मध्ये रुदो इथे पार्टिझानांची पहिली प्रोलेटेरियन (श्रमिक) ब्रिगेड उभी राहिली आणि त्यावरून २२ डिसेंबर हा सेनेचा वाढदिवस धरला गेला. त्यावरून १९५१ साली दहा वर्षांचं, मग वीस, तीस, चाळीस आणि १९९१ साली पन्नास वर्षांचं अशी पदकं निघाली. ही स्वस्त आहेत, नकली करण्याजोगी नाहीत, आणि पाचही शेजारी ठेवली की चार दशकांत ठप्प्याचं काम आणि मुलामा कसा बदलत गेला ते दिसतं. दुसऱ्या कोणत्याही नगाला हात घालण्याआधी डोळा इथे तयार होतो.

पार्टिझानांच्या टोपीवरचे तारे मात्र नवशिक्याने टाळावेत. युद्धात ते पत्र्याच्या डब्यांतून कापले जात, कापडाचे शिवले जात, जे मिळेल त्याचे होत. प्रोलेटेरियन ब्रिगेडच्या ताऱ्यावर कोयता-हातोडा असे, म्हणून त्यांना जास्त भाव. ना ठरलेला साचा, ना खूण, ना क्रमांक. त्यामुळे आज कोणीही पत्रा कापून, रंगवून, गंजवून तसा तारा तयार करू शकतो. कुटुंबाचा फोटो किंवा लेखी माग नसेल तर त्याला ‘पार्टिझान शैलीचा तारा, काळ अनिश्चित’ याहून जास्त काही म्हणू नये.

लष्करी नसलेल्या वस्तूही याच डब्यांत येतात. ब्रच्को–बानोविची (१९४६) आणि शामात्स–साराजेव्हो (१९४७) हे लोहमार्ग तरुणांच्या श्रमदल मोहिमांनी बांधले, त्यांचे बिल्ले. ‘उदार्निक’ म्हणजे आघाडीच्या कामगाराचे बिल्ले. रक्तदात्यांचे आणि निवृत्त योद्ध्यांच्या संघटनेचे बिल्ले. तारा, फावडी, मशाल पाहून विक्रेते त्यांना पदक म्हणतात. हे साहित्य मला स्वतःला फार मोलाचं वाटतं, पण त्याची जागा वेगळी. शिवाय ‘बंधुता आणि एकता’ किंवा ‘लोकसेवा’ हे किताब नागरिकांनाही मिळत, म्हणून कागद नसताना त्यांच्या धारकाला सैनिक ठरवू नये.

आपल्याकडे, महाराष्ट्रात, युगोस्लाव्हियाशी जोडलेली वस्तू घरात निघण्याची खरी शक्यता संयुक्त राष्ट्रांच्या पदकांतून येते. १९५६ ते १९६७ या काळात सिनाई-गाझात तैनात असलेल्या आणीबाणी दलात भारत आणि युगोस्लाव्हिया दोघांचंही सैन्य होतं. त्या पदकावर दलाचीच आद्याक्षरं, यू-एन-ई-एफ, आहेत. नंतरच्या दलांच्या पदकांवर नुसतं यू-एन. भारतीय जवानाला आणि युगोस्लाव जवानाला मिळालेलं पदक सारखंच, काठावर नाव नाही, त्यामुळे सेवापुस्तकाशिवाय ते कोणाचं हे धातू कधीच सांगणार नाही. पुढे युगोस्लाव्हिया फुटत असताना १९९२-९३ मध्ये तिथल्या संयुक्त राष्ट्र संरक्षण दलाचे पहिले सेनापती होते लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी. त्या दलाचं पदक युगोस्लाव सन्मान नव्हे, पण भारतीय घरात ते निघालं तर सोबतची पत्रं, ओळखपत्रं, फोटो यांपैकी काहीही वेगळं करून विकू नये.

स्वच्छतेचा नियम एकच, जमेल तेवढी कमी. ब्रासो, चिंच, लिंबू, टूथपेस्ट हे सगळं वर्ज्य. मुलामा केसाहूनही पातळ असतो आणि एका घासणीत जातो. अखंड, एकसंध पदक असेल तर डिस्टिल्ड पाणी, सौम्य साबणाचा थेंब आणि मऊ ब्रश, मग लगेच टिपून कोरडं. किताबाचे तारे मात्र बहुधा अनेक भागांचे, मागून रिव्हेट मारलेले असतात. त्यांना पाण्यात बुडवलं तर थरांच्या मधे पाणी अडकतं आणि काही महिन्यांनी रिव्हेटभोवती हिरवट कड उगवते. असे तारे कोरड्या ब्रशनेच झटकावेत. मीन्याला तडा असेल तर तेही जपून.

मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळ्यात साठवणच निम्मी लढाई आहे. नाण्यांचे मऊ, तीव्र वास येणारे पीव्हीसी खिसे सर्वात घातक. त्यातलं प्लास्टिक सडताना आम्ल सोडतं आणि तांब्याच्या मिश्रधातूवर चिकट हिरवा लेप चढतो. पॉलिएस्टर किंवा पॉलिथिनचे खिसे घ्यावेत. रबरबँड नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. एमडीएफचं कपाट नको, ते आम्लाच्या वाफा सोडतं. झाकण घट्ट बसणारा डबा, आत सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक ठेवून धातूसाठी सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास राखावी. कागद वेगळ्या डब्यात, आम्लविरहित पाकिटात. फार कोरड्या हवेत तो ठिसूळ होतो. जेल ओलं झालं की भाजून कोरडं करायचं, आणि पावसाळ्यात हे वरचेवर करावं लागतं.

परदेशातून मागवताना विक्रेत्याला सांगावं की स्क्रूचा नट लावूनच पाठव, पण नगाच्या पुढे-मागे फोम ठेव. पिनची टोकं शेजारच्या नगाच्या मीन्यात रुतून नवे तडे पडतात. संगीन, काडतुसं किंवा त्यांचे तुकडे त्याच पार्सलात भरू देऊ नयेत, नाहीतर पदकंही अडकून पडतात. जुन्या वस्तू बाहेर पाठवण्यावर त्या त्या देशाचे सांस्कृतिक वारशाचे कायदे लागू होतात. परवाना लागत असेल तर तो विक्रेत्याने आधी काढायचा.

नोंदवहीत प्रत्येक नगाला वेगळं पान द्यावं. पुढचा, पाठीचा आणि काठाचा फोटो, शेजारी मिलिमीटरची पट्टी, व्यास, नटासह आणि नटाविना वजन, खूण आणि क्रमांक जसे दिसतात तसे, पुसट अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह, अडकवण कोणती, मीन्याचे तडे आणि दुरुस्ती, सोबतचे कागद आणि त्यांवरचा उकाझ, कोणाकडून आलं आणि विक्रेत्याने काय सांगितलं. विक्रेत्याचं सांगणं आणि स्वतः तपासलेलं हे दोन वेगळ्या रकान्यांत लिहावं. धारकाचे नातेवाईक हयात असू शकतात, त्यामुळे पुस्तिकेतलं नाव आणि पत्ता वहीत राहू द्यावा. फोटो इतरांना दाखवताना तेवढा भाग झाकावा.